भाड्याच्या घरात चिकटवण्याआधी भिंतीची परीक्षा घ्या

प्रश्न : आम्ही नवरा-बायको आणि आमची सहा वर्षांची मुलगी गेल्या महिन्यात नव्या भाड्याच्या घरात राहायला आलो. निदान दोन वर्षं तरी इथेच राहू. भिंतीला एकही खिळा ठोकायचा नाही, असं घरमालकांनी आधीच बजावलंय. मागच्या घरी मुलीच्या खोलीत ‘सहज निघतात’ असं लिहिलेले स्टिकर लावले होते. घर सोडताना ते काढले तर सोबत रंगाचे पोपडे आले आणि डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. आता हॉलच्या एका भिंतीला काढता येणारा वॉलपेपर, स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर स्टिकर, फोटोंच्या काही फ्रेम्स आणि मुलीसाठी छतावर अंधारात चमकणाऱ्या चांदण्या एवढं करायचं मनात आहे. नवरा म्हणतो, दुसऱ्याच्या घरावर खर्च कशाला? मलाही पुन्हा तोच मनस्ताप नकोय. पण या पांढऱ्याफटक भिंतींमध्ये घरी आल्यासारखं वाटत नाही. काय करू?

उत्तर : तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो रास्त आहे. खर्च दुसऱ्याच्या भिंतीवर करू नये, हे मलाही पटतं. पण ही दोन वर्षं तुमची आहेत आणि तुमच्या लेकीची तर सहा ते आठ या वयातली आहेत. तेव्हा खर्च अशा वस्तूंवर करा, ज्या घर सोडताना तुमच्यासोबत निघतील. तसं ठरवलं तर तुम्हा दोघांचंही म्हणणं राहतं. कसं ते पुढे सांगते.

आधी मागच्या घरी नेमकं काय झालं ते समजून घेऊ, कारण ते कळल्याशिवाय या घरी तेच पुन्हा होईल. स्टिकर वाईट होते असं मला वाटत नाही. ते बहुधा सांगितल्याप्रमाणे अखंड निघाले असतील. सुटला तो रंग. भिंतीवर थरावर थर असतात : विटा, त्यावर गिलावा, मग पुट्टी, प्रायमर, जुना रंग, नवा रंग आणि सर्वांत वर तुमचा स्टिकर. तुम्ही स्टिकर ओढता तेव्हा हे सगळे थर एकाच वेळी ओढले जातात आणि ज्या दोन थरांची एकमेकांवरची पकड सर्वांत कच्ची असते, तिथून ते सुटतात. गोंदाची पकड सर्वांत कच्ची असेल तर स्टिकर अलगद निघतो. नव्या रंगाची जुन्या रंगावरची पकड त्याहून कच्ची असेल, तर पोपडा हातात येतो.

भाड्याच्या घरांमध्ये हा धोका जास्त असतो. एक भाडेकरू गेला आणि दुसरा यायचा आहे, अशा मधल्या थोड्या दिवसांत घाईघाईने रंगाचा एक हात मारलेला असतो. भिंत घासलेली नसते, धूळ पुसलेली नसते, जुन्या डिस्टेंपरवर, म्हणजे स्वस्तातल्या भुकटीसारख्या सुटणाऱ्या रंगावर, प्रायमर न लावता थेट इमल्शन, म्हणजे प्लॅस्टिक पेंट, चढवलेलं असतं. असा रंग नुसता बसून राहायला पुरतो. वर्षानुवर्षं तो छान दिसतो, कारण त्याला कुणी ओढत नाही. पाकिटावरचं ‘सहज निघतं’ हे आश्वासन मात्र नीट तयार केलेल्या, नीट रंगवलेल्या भिंतीसाठी असतं. तुमची भिंत तशी आहे का, हे पाकिटाला ठाऊक नसतं. ते तुम्हालाच शोधून काढावं लागेल, आणि काहीही विकत घेण्याआधी.

परीक्षा सोपी आहे. भिंतीवरून कोरडा तळहात जोरात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली तर भिंतीला चुना किंवा साधं डिस्टेंपर आहे. तिच्यावर एकही चिकट वस्तू टिकणार नाही, आणि टिकली तर भुकटीचा थर घेऊनच येईल. मग ओलं पांढरं फडकं घासून पाहा. रंग फडक्यावर उतरला तरी निष्कर्ष तोच. या दोन्हींत भिंत पास झाली तर मास्किंग टेपचा वीतभर तुकडा दरवाजामागे किंवा कपाटाआड चिकटवा, नखाने घट्ट दाबा, एक दिवस ठेवा आणि हळूहळू काढा. टेपच्या चिकट बाजूवर रंगाचे कण दिसले तर त्या भिंतीचा नाद सोडा.

खरी परीक्षा मात्र प्रत्यक्ष मालाचीच घ्यावी. वॉलपेपरचा नमुना मागवता येतो. तो लावून निदान पंधरा दिवस तसाच राहू द्या. यामागचं कारण महत्त्वाचं आहे. दाब देऊन चिकटवायचे हे गोंद कधीच पूर्ण सुकत नाहीत. ते घट्ट मधासारखे अतिशय सावकाश वाहत राहतात आणि रंगाच्या बारीक खाचाखोचांत उतरतात. म्हणून पहिल्या तासापेक्षा तिसऱ्या दिवशी पकड जास्त असते आणि दोन वर्षांनी त्याहूनही जास्त असू शकते. ‘लावून लगेच काढून पाहिलं, छान निघालं’ या अनुभवावर विसंबून अख्खी भिंत मढवणारे लोक इथेच फसतात.

परीक्षा प्रत्येक भिंतीची वेगळी घ्या. न्हाणीघराला लागून असलेली भिंत, बाहेरच्या बाजूची भिंत आणि खिडकीखालचा भाग यांत ओल असू शकते. ओल असलेल्या भिंतीवर प्लॅस्टिकचा थर चढवला की आतला दमटपणा अडकतो आणि मागे बुरशी धरते. तिथे काही म्हणजे काही लावू नका. घर तुमच्या येण्याआधीच रंगवलं असेल तर नेमकं कधी रंगवलं हेही विचारा. रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला वेळ लागतो. हूक किंवा फ्रेम लावायच्या चिकट पट्ट्यांसाठी निदान आठवडा आणि वॉलपेपरसाठी साधारण चार आठवडे थांबायला सांगतात. तुमच्याकडे हा वेळ जवळपास होऊन गेलाय, तरी खात्री करून घ्या.

आता हॉलची भिंत. माझं स्पष्ट मत सांगते : भिंत परीक्षेत उत्तम पास झाली तरी वॉलपेपर थेट तिच्यावर लावण्याआधी दुसरा मार्ग पाहा. हलक्या फोमबोर्डाचे किंवा हार्डबोर्डाचे दोन-तीन उंच फळे घ्या, त्यांना वॉलपेपर लावा आणि सोफ्यामागे भिंतीला टेकवून उभे करा. सोफा त्यांना जागेवर धरून ठेवतो. लांबून पाहिलं तर भिंतीचा तेवढा भाग सजवल्यासारखाच दिसतो. घरमालकांच्या रंगाला गोंदाचा स्पर्शही होत नाही. घर सोडताना फळे गाडीत चढतात आणि पुढच्या घरात पहिल्याच दिवशी उभे राहतात. पुस्तकांच्या उघड्या कपाटाची आतली पाठ, साध्या लाकडी कपाटाचे दरवाजे, जुन्या टेबलाचा पृष्ठभाग इथेही हाच वॉलपेपर देखणा दिसतो. सामान तुमचं आहे, तिथे कुणाची परवानगी लागत नाही.

तरीही भिंतच हवी असेल तर कापडी पोत असलेला पॉलिएस्टरचा वॉलपेपर घ्या, व्हिनाइलचा, म्हणजे प्लॅस्टिकचा, नको. व्हिनाइल लावताना ताणलं जातं, मग हळूहळू आक्रसतं आणि जोडांमध्ये फटी दिसू लागतात. त्याला लवचीक ठेवण्यासाठी जी द्रव्यं मिसळतात, ती कालांतराने गोंदात उतरू शकतात आणि मग गोंद लिबलिबीत होऊन भिंतीवर राहून जातो. कापडी प्रकार ताणला जात नाही, लावताना वाकडा गेला तर सोडवून पुन्हा लावता येतो आणि काढताना बहुधा अखंड निघतो. खडबडीत भिंतीवर मात्र दोन्ही प्रकार टिकत नाहीत, कारण गोंद फक्त उंचवट्यांनाच टेकतो.

एक चूक फार जण करतात. वॉलपेपर भिंतीवर लावून झाला की कडेचा जास्तीचा भाग तिथल्या तिथेच ब्लेडने कापतात. ब्लेड कागदाबरोबर खालचा रंगही चिरतं. ती चीर आज दिसत नाही, पण पुढे वॉलपेपर काढताना पोपडा नेमका त्याच रेषेपासून उठतो. माप घेऊन जमिनीवर कापा. शेवटची कड भिंतीवरच जुळवावी लागली तर मागे धातूची पातळ पट्टी सरकवून मगच ब्लेड चालवा. स्विचबोर्डाजवळ काम करताना मेन स्विच बंद करा, हे वेगळं सांगायला नको. आणि हेही मनाशी धरून चाला की दोन वर्षांनी वॉलपेपर निघेल तेव्हा त्याखालचा रंग आजूबाजूच्या भिंतीपेक्षा उजळ दिसेल. उघडी भिंत धुळीने आणि उजेडाने मळते, झाकलेली राहते तशीच. त्याला इलाज नाही. थेट भिंतीवर लावू नका म्हणते त्याचं हेही एक कारण आहे.

स्वयंपाकघराबद्दल मी जास्त निश्चिंत आहे. चकचकीत टाइलचा पृष्ठभाग काचेसारखा कठीण असतो, त्याचा पोपडा निघत नाही. तिथे अडचण असते तेलकटपणाची. डोळ्यांना टाइल स्वच्छ दिसते, पण तिच्यावर वाफेबरोबर उडालेल्या तेलाचा पातळ थर असतोच. भांड्याच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सुगंधी क्लीनर वापरू नका, तो स्वतःचाच थर मागे ठेवतो. स्टिकर टाइलपेक्षा कणभर लहान कापा, म्हणजे दोन टाइल्समधली सिमेंटची सांध मोकळी राहील आणि तिथे शिरलेलं पाणी स्टिकरखाली कोंडणार नाही. शेगडीच्या मागची जागा मात्र सोडून द्या. व्हिनाइल उष्णतेने मऊ पडतं, वळतं आणि ज्वाळेजवळ पेटूही शकतं. तिथला साधेपणा चालवून घ्या.

फ्रेम्सकडे वळते. यासाठी ताणून काढायच्या पट्ट्या मिळतात, आणि त्या इतर सगळ्या टेपांपेक्षा वेगळ्या आहेत. काढता येणाऱ्या गोंदांचे दोन निरनिराळे मार्ग आहेत. एक मार्ग कमी चिकटण्याचा. थ्रीएम कंपनीत १९६८ मध्ये स्पेन्सर सिल्व्हर या रसायनशास्त्रज्ञाला असाच एक गोंद सापडला. त्यात अतिसूक्ष्म गोळ्या होत्या आणि त्या पृष्ठभागाला मोजक्या जागीच टेकायच्या, म्हणून तो चिकटायचा आणि सुटायचाही. त्यातूनच पुढे १९८० मध्ये पोस्ट-इटच्या चिठ्ठ्या अमेरिकेत सर्वत्र विक्रीला आल्या. वॉशी टेप (सजावटीची रंगीत कागदी टेप) आणि मास्किंग टेपचा गोंद वेगळा असला तरी धोरण हेच, बेताचंच चिकटायचं. त्यामुळे कागदाला ते पुरतात, फ्रेमला नाही. दुसरा मार्ग या ताणपट्ट्यांचा. त्या घट्ट चिकटतात, पण ओढल्या की रबरासारख्या लांबत जातात, पातळ होतात आणि एका टोकाकडून भिंतीपासून सुटत येतात. यात भिंतीच्या रंगाला बाहेरच्या दिशेने ओढ जवळजवळ बसतच नाही.

म्हणून त्या काढायची दिशाच सर्व काही आहे. शेपटी धरून सरळ खाली, भिंतीला चिकटून, अगदी सावकाश ओढायचं. स्वतःकडे ओढलं की पोपडा आलाच म्हणून समजा. पट्टी लावतानाही तिची शेपटी खाली मोकळी राहील असं पाहा, नाहीतर काढताना धरायला काही राहत नाही. दोन पट्ट्या एकमेकींत अडकणाऱ्या प्रकारच्या असतील तर आधी फ्रेम खालच्या कोपऱ्यांकडून उचलून सोडवा आणि मग भिंतीवरच्या पट्ट्या एकेक करून ताणा. लावताना जागा अल्कोहोलने एकदाच हलकेच पुसा, चोळू नका, पट्टी अर्धा मिनिट दाबून धरा आणि वजन लगेच टांगू नका, तासभर थांबा.

पाकिटावर जे वजन लिहिलेलं असतं, त्याच्या निम्म्यावर मी थांबते. गोंद सतत भाराखाली असला की कणाकणाने सरकतो, उकाड्यात जास्तच. शिवाय भिंतीला सपाट बसलेल्या फ्रेमचं वजन सरळ खाली जातं, तर पुढे आलेल्या हूकला अडकवलेली पिशवी पट्टीचं वरचं टोक भिंतीपासून उचकटायला बघते. त्यामुळे तेच वजन फ्रेमचं असलं तर टिकतं आणि हूकवर टिकत नाही. काचेऐवजी अॅक्रिलिकच्या हलक्या फ्रेम्स घ्या, आणि पलंगाच्या उशाशी, विशेषतः लेकीच्या डोक्यावर, काहीही टांगू नका.

एका गोष्टीपासून तुम्हाला कळकळीने सावध करते : जाड फोमची डबल साइडेड टेप. ती स्वस्त असते, कुठेही मिळते, फ्रेम घट्ट धरते आणि घरात ‘तात्पुरती’ म्हणून सर्रास वापरली जाते. ती काढण्यासाठी केलेलीच नसते. ती काढताना फोम मधोमध फाटतो, अर्धा भिंतीवर राहतो, आणि तो खरवडताना पुट्टीपर्यंत खड्डा पडतो.

आता चांदण्या. तुमच्या यादीत मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची आहे. छताला सहसा घरातला सर्वांत साधा रंग असतो, तिथे हात लावून कुणी पाहत नाही, आणि बऱ्याच चांदण्यांसोबत मिळणारा कणकेसारखा मऊ चिकटगोळा छताच्या मॅट रंगावर तेलकट डाग सोडतो. पन्नास चांदण्या म्हणजे पन्नास डाग. त्यामुळे छत परीक्षेत नापास झालं तर लेकीला तसं सांगा आणि तिला दुसरं आकाश बनवू द्या. तिच्या कपाटाची पलंगाकडची बाजू, खोलीच्या दाराची आतली बाजू (दाराला ऑइल पेंट किंवा लॅमिनेट असेल तर ते चांगलं धरतं आणि चांगलं सोडतं, पण दार घरमालकांचं आहे, म्हणून तिथेही आधी एकच लावून पाहा), किंवा गडद निळ्या रंगाने रंगवलेला मोठा हलका फळा. फळा कपाटावर टेकवून ठेवला तर झोपल्या झोपल्या दिसतो. या चांदण्या दिव्याचा उजेड साठवून नंतर मंद सोडतात, म्हणून दिवा मालवण्याआधी त्यांच्यावर थेट उजेड पडायला हवा. कोपऱ्यात आडोशाला लावल्या तर चमकणार नाहीत आणि मुलीचा हिरमोड होईल.

तिची चित्रं लावायला वॉशी टेप पुरेल. फक्त चित्रं दोन-तीन महिन्यांनी बदलत जा, कारण हलका गोंदही उन्हाच्या भिंतीवर वर्षभर राहिला की वाळून रंगात मुरतो.

घरमालकांशी बोलणं मात्र हे सगळं सुरू करण्याआधी व्हायला हवं. ‘खिळा ठोकू नका’ याचा अर्थ ‘चिकटवायला हरकत नाही’ असा होत नाही. करार पुन्हा वाचा, भिंती किंवा सजावटीबद्दल एखादी ओळ त्यात असू शकते. मग त्यांना मेसेज किंवा मेल करा, म्हणजे लेखी राहील : अमुक ठिकाणी, अमुक प्रकारच्या पट्ट्या लावणार आहोत, आधी कोपऱ्यात लावून पाहणार आहोत. त्याबरोबर प्रत्येक भिंतीचे आजच्या तारखेचे फोटो पाठवा. आधीच निघालेले पोपडे, जुन्या खिळ्यांची भोकं, ओलीचे डाग यांचे जवळून फोटो वेगळे काढा. मागच्या घरी तुमचे पैसे कापले गेले तेव्हा रंग आधीपासूनच कच्चा होता हे तुम्हाला दाखवता आलं नसणार. यावेळी तशी पाळी येऊ देऊ नका. बोलता बोलता भिंतीच्या रंगाची कंपनी आणि छटेचा क्रमांकही विचारून ठेवा. बरेच घरमालक असं विचारल्यावर उलट निर्धास्त होतात.

शेवटी काढण्याबद्दल. सामानाची गाडी दारात उभी असताना हे काम करू नका, निदान दोन आठवडे आधी हातात घ्या. वॉलपेपर किंवा स्टिकरचा कोपरा हेअर ड्रायरच्या मंद झोताने कोमट करा. कोमट गोंद सैल पडतो, पण फार तापवला तर तो मधोमध तुटून भिंतीवर राहतो. मग कोपरा उचलून कागद स्वतःवरच दुमडा आणि भिंतीच्या जवळून, समांतर, सावकाश ओढत न्या. वेग वाढला की गोंदाची पकडही वाढते, त्यामुळे झटका देणं सर्वांत महागात पडतं. उरलेला चिकटपणा बोटाने चोळून गोळा करा किंवा टेपच्या चिकट बाजूने टिपून घ्या, तरीही राहिला तर कोमट साबणपाणी. टाइल आणि काचेवर अल्कोहोल बिनधास्त चालतं, इमल्शनवर मात्र ते चोळलं तर रंगच मऊ करतं, तेव्हा गोंद काढायला तिथे नकोच. नेलपॉलिश रिमूव्हर भिंतीपासून दूरच ठेवा. खाण्याच्या तेलाने गोंद सुटतो खरा, पण मॅट रंगावर त्याचा डाग कायमचा बसतो.

इतकं करूनही कुठे पोपडा उठायला लागला तर तिथेच थांबा. उठलेल्या भागाच्या कडेने ब्लेडने हलकी रेघ मारा, म्हणजे पोपडा पुढे धावणार नाही, आणि दुसऱ्या बाजूने काढायला घ्या. जागा नंतर पुट्टीने भरून, घासून, प्रायमर लावून रंगवता येते. घर फार जुनं असेल तर कोरडं घासू नका, जुन्या रंगांच्या थरांत शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांसाठी घातक असते. ओल्या फडक्याने घासा आणि मुलीला त्या खोलीत येऊ देऊ नका. निघालेला पोपडा फेकून देऊ नका. छटेचा क्रमांक मिळाला नसेल तर रंगाच्या दुकानात मशीनवर तोच दाखवून छटा जुळवून घेता येते, फक्त तुकडा सपाट आणि अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठा हवा.